मुलामा दिलेला बटाटा

१८०० सालच्या उन्हाळ्यात कलकत्त्यात एक माणूस रुसून बसला होता. साधासुधा माणूस नव्हे, कंपनी सरकारचा गव्हर्नर जनरल. आदल्या वर्षी ४ मे रोजी श्रीरंगपट्टण पडलं होतं, टिपू लढता लढता मारला गेला होता आणि म्हैसूरच्या मुलखाचे लचके तोडून झाले होते. आता लंडनहून घसघशीत बक्षीस येणार याची त्याला खात्री होती. बक्षीस आलंही. राजानं त्याला मार्क्विस केलं होतं, म्हणजे अर्लच्या वरची आणि ड्यूकच्या खालची पायरी. दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते. यानं पंतप्रधान पिटला दुखावलेल्या सुरात कळवलं की मनाची तडफड लपवता येत नाही, आणि मिळालेल्या पदवीला नाव ठेवलं : दुहेरी मुलामा दिलेला बटाटा.

कारण पदवी आयरिश होती.

हा माणूस म्हणजे रिचर्ड वेलस्ली. आपल्याकडे तो शाळेच्या पुस्तकात 'तैनाती फौज' या शब्दाला चिकटून येतो आणि पाच मार्कांचा प्रश्न संपला की विसरला जातो. मीही विसरले होते. १८०३ च्या मोहिमेबद्दल वाचता वाचता हा बटाटा समोर आला आणि मी तिथंच अडकले. ज्यानं वसईच्या तहानं पेशव्यांच्या गळ्यात दोरी अडकवली, त्याला स्वतःला एका शब्दापायी अन्न गोड लागू नये? तेव्हापासून मी लढाया बाजूला ठेवून त्याच्या घराण्याच्या पदव्यांच्या मागे लागले. लढायांपेक्षा ते जास्त करमणुकीचं निघालं.

आधी आयरिश पदवीत कमी काय होतं, ते पाहायला हवं. १८०१ पर्यंत आयर्लंड हे कागदोपत्री वेगळं राज्य होतं. राजा इंग्लंडचाच, पण पार्लमेंट डब्लिनमध्ये, आणि त्यातलं उमरावांचं सभागृहही वेगळं. आयर्लंडचा अर्ल डब्लिनच्या सभागृहात बसायचा. लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये त्याला जागा नव्हती. लंडनच्या मंत्र्यांना ही सोय फारच आवडली. कुणाला खूश तर करायचंय, पण आपल्या पंगतीला बसवून घ्यायचं नाही, अशा माणसाला आयरिश पदवी द्यायची. त्याचं आयर्लंडशी काही नातं असलंच पाहिजे असंही नाही. पलाशीच्या लढाईनंतर रॉबर्ट क्लाइव्हला १७६२ मध्ये मिळाली ती हीच, आणि तोही खट्टूच झाला होता. त्याच्या पदवीचं पूर्ण नाव बॅरन क्लाइव्ह ऑफ प्लासी, परगणा क्लेअर. बंगालमधलं गाव आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या परगण्यात नेऊन ठेवायला कुणाला काही वाटलं नाही. वेलस्लीच्या आधीचा गव्हर्नर जनरल जॉन शोअर, त्यालाही निवृत्तीला आयरिश बॅरनकीच दिली. हिंदुस्थानातून दमून आलेल्या माणसाच्या हातात ठेवायचा ठरलेला नारळच जणू तो.

त्यातही १७९९ चं वर्ष विशेष वाईट. आदल्या वर्षी आयर्लंडमध्ये मोठं बंड होऊन चिरडलं गेलं होतं आणि आता डब्लिनचं पार्लमेंट लंडनच्या पार्लमेंटमध्ये विलीन करायचं घाटत होतं. सभासदांनी स्वतःच्या हातानं स्वतःचं पार्लमेंट बंद करायला मत द्यावं, म्हणून पैसा, नोकऱ्या आणि पदव्या यांचा बाजार भरला. बॅरन पाहिजे तो बॅरन, बॅरनला व्हायकाउंट, व्हायकाउंटला अर्ल. हे वाटप करायची जबाबदारी होती तिथल्या व्हाइसरॉयवर, आणि तो व्हाइसरॉय होता कॉर्नवॉलिस. हो, तोच. १७९२ मध्ये टिपूला नमवून गेलेला, बंगालमध्ये कायमधारा बसवणारा. या घाणेरड्या कामात हात घातल्याबद्दल स्वतःचीच शिसारी येते, असं त्यानं एका पत्रात लिहून ठेवलंय. तेव्हा वेलस्लीची मार्क्विसकी डिसेंबर १७९९ मध्ये निघाली ती याच हंगामात. कलकत्त्यात बसून त्याला कळत होतं की टिपूला मारल्याबद्दल आपल्याला मिळालं ते नाणं डब्लिनमध्ये सध्या मतं विकत घ्यायला वापरतायत. माझी सहानुभूती त्याच्याकडे जायला तशी फारशी तयार नसते, पण इथं थोडी जाते.

थोडीच. कारण त्याचं स्वतःचं घराणंही काही नॉर्मन विजेत्यांच्या काळापासून अर्ल नव्हतं.

मॉर्निंग्टन हे आयर्लंडच्या मीथ परगण्यातलं, बॉइन नदी समुद्राला मिळते तिथलं छोटं गाव. त्या गावाच्या नावाची पदवी पहिल्यांदा १७४६ मध्ये रिचर्ड वेस्ली नावाच्या जमीनदाराला मिळाली, बॅरन मॉर्निंग्टन म्हणून. पण हा रिचर्ड वेस्ली जन्मानं वेस्ली नव्हताच. तो कॉली. गॅरेट वेस्ली नावाच्या निपुत्रिक नातलगानं १७२८ मध्ये आपली इस्टेट त्याच्या नावे केली, अट एकच : आडनाव आमचं लावायचं. कॉलीनं लावलं. थोडक्यात दत्तकच. म्हणजे ज्या घराण्यानं पुढं अर्ध्या हिंदुस्थानचे कारभार उलटेपालटे केले, त्याचं नावच मुळात दत्तकानं चालत आलेलं. १८४८ मध्ये साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांचं दत्तक नामंजूर करून डलहौसीनं राज्य खालसा केलं, तेव्हा लंडनमध्ये या घराण्याचा सर्वांत नामवंत पुरुष, वेलस्लीचा भाऊ ड्यूक ऑफ वेलिंग्टन, हयात होता. त्याला आपल्या आजोबांचं आडनाव आठवलं असेल का, हा माझा आपला खवचट प्रश्न. कायद्यानं बोलायचं तर इंग्रजी पदवीही दत्तकाला मिळत नाही. कॉलीला दत्तकानं मिळाली ती जमीन आणि नाव, बॅरनकी त्यानं नंतर राजाकडून स्वतःसाठी मिळवली. पण जमीन आणि नाव नसतं तर बॅरनकीसाठी त्याच्याकडे कुणी बघितलं असतं?

त्याचा मुलगा गॅरेट. या सगळ्या वंशावळीत मला आवडलेला एकमेव माणूस. १७६० मध्ये तो बॅरनचा अर्ल झाला, पहिला अर्ल ऑफ मॉर्निंग्टन. पण त्याचं चित्त सगळं गाण्यात. व्हायोलिन वाजवायचा, चर्चसाठी संगीत रचायचा, तीनचार जणांनी मिळून गायची गाणी बांधायचा. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजनं १७६४ मध्ये त्याला संगीताचा प्राध्यापक केलं, आणि त्या विद्यापीठातला तो पहिलाच संगीताचा प्राध्यापक. अर्लनं प्राध्यापकी करायची म्हणजे त्या काळच्या मानानं जरा चमत्कारिकच. बाकी घर चालवण्यात शून्य. १७८१ मध्ये तो गेला तेव्हा मागे पाच मुलगे, एक मुलगी आणि कर्जाचा डोंगर ठेवून गेला.

थोरला रिचर्ड तेव्हा ऑक्सफर्डला होता. त्याआधी हॅरोच्या शाळेतून दंगा केल्याबद्दल काढलेला, मग ईटनमध्ये लॅटिन कवितांनी गाजलेला. शिक्षण अर्धवट टाकून त्यानं घर हाती घेतलं. पदवी आली, पण खायला काय? शेवटी १७९० च्या दशकात मीथमधला वडिलोपार्जित डँगनचा वाडा आणि जमीन विकून टाकली.

इथं आपल्याकडच्या वतनाशी तुलना केल्याशिवाय मला राहवत नाही. आपल्याकडे कर्जबाजारी पाटील अर्धी पाटीलकी विकायचा, तर तिच्याबरोबर मानपानही विकला जायचा. पोळ्याच्या बैलाचा मान कुणाचा, होळीची पहिली पोळी कुणाची, हे सगळं खरेदीखतात लिहिलं जायचं. मान जमिनीला जोडलेला, म्हणून विकत मिळणारा. या आयरिश पदवीचं नेमकं उलटं. जमीन गेली, वाडा गेला, त्या परगण्यात वीतभर जागा उरली नाही, तरी अर्ल ऑफ मॉर्निंग्टन हा अर्ल ऑफ मॉर्निंग्टनच. मान विकता येत नाही, आणि म्हणून त्यावर कर्जही मिळत नाही. पैशाच्या दृष्टीनं ती वस्तू निरुपयोगी होती आणि रिचर्डनं तिच्यासाठीच सगळा जन्म काढला.

एक फायदा मात्र होता. आयरिश उमरावाला लंडनच्या उमरावांत जागा नसल्यामुळं तो तिथल्या लोकसभेत, म्हणजे हाउस ऑफ कॉमन्समध्ये निवडून जाऊ शकत होता. रिचर्ड १७८४ मध्ये तसा गेला, पिटच्या मर्जीत बसला, कंपनीवर देखरेख करणाऱ्या मंडळात शिरला आणि १७९८ मध्ये कलकत्त्याला उतरला. निघण्यापूर्वी त्यानं पिटकडून एक छोटीशी ब्रिटिश बॅरनकी पदरात पाडून घेतली होती, म्हणजे लंडनच्या सभागृहाचं दार आता उघडं होतं. शिवाय आडनावही बदललं. वेस्ली हे नाव तोवर मेथडिस्ट पंथ काढणाऱ्या वेस्ली आडनावाच्या धर्मप्रचारकांमुळं गल्लोगल्ली झालेलं, म्हणून जुनं भारदस्त वेलस्ली. भाऊ आर्थरही आता वेलस्ली लिहायला लागला.

नाव बदललेल्या या दोन भावांनी आपल्याकडे पुढं काय केलं ते बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून भरभर सांगते. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईत दुसऱ्या बाजीरावानं तहावर सही केली. मे १८०३ मध्ये आर्थरनं त्याला पुण्यात आणून गादीवर बसवलं. ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला पडला, २३ सप्टेंबरला असई, नोव्हेंबरात अडगाव, डिसेंबरात गाविलगड. असईला केळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात उभं राहिलं की एवढ्याशा जागेत शिंद्यांच्या तोफांनी काय कहर केला असेल याचा अंदाज येतो. आर्थरला पुढं नेपोलियनला हरवूनही हीच लढाई आपली सर्वांत चांगली वाटत राहिली.

पण मला त्या वर्षात दिसतात त्या समोरासमोर उभ्या राहिलेल्या पदव्या. एका बाजूला दौलतराव शिंदे, ज्यांच्या चुलत आजोबांनी, महादजींनी, दिल्लीच्या बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलकचा, म्हणजे बादशहाच्या मुखत्याराचा, किताब आणून १७९२ मध्ये पुण्यात केवढा दरबार भरवला होता. शेजारी नागपूरकर रघूजी भोसले, सेनासाहेबसुभा. समोर एक आयरिश मार्क्विस आणि त्याचा धाकटा भाऊ, ज्याला तोवर कसलीच पदवी नाही. दिल्लीच्या बादशहाकडे तेव्हा किताबांशिवाय देण्यासारखं फारसं उरलं नव्हतं, हे पुण्यात सगळ्यांना कळत होतं, आणि तरी दरबारात पोशाख घालताना कुणाचा ऊर भरून आला नाही असं नाही. वेलस्लीचं दुःख जरा निराळं. त्याच्या राजाच्या हातात देण्यासारखं पुष्कळ होतं आणि त्यानं त्यातलं हलकं उचलून दिलं.

श्रीरंगपट्टणच्या लुटीतला एक लाख पौंडांचा वाटा त्यानं नाकारला होता, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. सैन्याचा वाटा मी घेणार नाही, म्हणाला. सैन्यानं मग त्याला टिपूच्या खजिन्यातल्या रत्नांचा एक तारा करून दिला. कसला तारा? सेंट पॅट्रिकच्या सरदारकीचा. म्हणजे पुन्हा आयरिशच. पैसा नको, जडजवाहीर चालेल, पण लंडनमध्ये पहिल्या रांगेत खुर्ची हवी, असा तो हिशेब. पैशाला न भुलणारा माणूस जास्त प्रामाणिक असतो असं आपण मानतो. मला तो जास्त धोक्याचा वाटतो. पैसेवाला कुठंतरी थांबतो. रांगेतली जागा मोजणाऱ्याला पुढचा माणूस नेहमी दिसतच राहतो.

१८०५ मध्ये कंपनीला त्याच्या लढायांचा खर्च झेपेना आणि त्याला परत बोलावलं गेलं. त्याच्या जागी आला कोण, तर पुन्हा कॉर्नवॉलिस, म्हातारा आणि आजारी. वेलस्लीनं पसरलेलं आवरायला सुरुवात करून दोनतीन महिन्यांतच तो गाझीपूरला वारला. वेलस्लीचं अर्धं राहिलेलं काम पुरं करणारा आणखी आठ वर्षांनी आला आणि १८१८ मध्ये पेशवाई बुडवून गेला. तो लॉर्ड हेस्टिंग्ज. आपण त्याला त्या नावानं ओळखतो, पण हिंदुस्थानात उतरला तेव्हा तो अर्ल ऑफ मॉयरा होता, आणि मॉयरा ही पदवी आयरिशच. वसईच्या तहापासून पेशवाईच्या अखेरीपर्यंतचं आपलं दप्तर दोन आयरिश अर्लांनी उघडलं नि मिटलं.

कलकत्त्यात वेलस्लीनं स्वतःसाठी बांधायला घेतलेला राजवाडा डर्बीशरमधल्या केडल्स्टन या हवेलीच्या धर्तीवर होता. केडल्स्टन कर्झन घराण्याची. शंभर वर्षांनी त्याच राजवाड्यात राहायला आला जॉर्ज कर्झन, आणि व्हाइसरॉय म्हणून निघताना, १८९८ मध्ये, त्याला जी पदवी दिली ती बॅरन कर्झन ऑफ केडल्स्टन. तीही आयरिश. त्यानं मात्र ती मुद्दाम मागून घेतली होती, परत आल्यावर कॉमन्समध्ये निवडणूक लढवता यावी म्हणून. विलीनीकरणाच्या कायद्यानं आयरिश उमरावांपैकी फक्त अठ्ठावीस जणांना, आपसांत निवडून, लंडनच्या सभागृहात तहहयात बसायची परवानगी होती. बाकीच्यांना कॉमन्स मोकळं. पामरस्टन तर आयरिश व्हायकाउंट असताना पंतप्रधान झाला आणि मरेपर्यंत कॉमन्समध्येच बसला. कर्झनची पदवी ही निर्माण झालेली शेवटची आयरिश उमरावी. त्यानंतर एकही नाही.

वेलस्लीकडे परत येते. हिंदुस्थानातून परतल्यावर तो परराष्ट्रमंत्री झाला, त्याला गार्टरची, म्हणजे इंग्लंडमधली सर्वांत मानाची, सरदारकी मिळाली, पण ब्रिटिश मार्क्विसकी काही मिळाली नाही. आणि त्याच्या डोळ्यांदेखत, त्यानंच हिंदुस्थानात मोठा केलेला धाकटा भाऊ १८०९ मध्ये व्हायकाउंट, १८१२ मध्ये आधी अर्ल मग मार्क्विस, आणि १८१४ मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. एकही पायरी आयरिश नाही. आणखी दोन भाऊ पुढं बॅरन झाले. त्यातल्या धाकट्यानं पदवीसाठी नाव घेतलं काउली. कॉलीचंच ते रूप. दत्तक जाताना टाकलेलं आडनाव शंभर वर्षांनी पदवी होऊन घरी आलं.

१८२१ मध्ये थोरल्याला पाठवलं आयर्लंडचा व्हाइसरॉय म्हणून. ज्या देशाच्या पदवीला त्यानं बटाटा म्हटलं होतं, त्या देशाच्या कॅथलिक प्रजेशी तो इतरांपेक्षा बऱ्यापैकी वागला. त्याबद्दल डब्लिनच्या नाटकगृहात १८२२ च्या डिसेंबरात कडव्या प्रोटेस्टंटांनी त्याच्या दिशेनं बाटली फेकली. त्यानं दुसरं लग्नही अमेरिकेतल्या एका कॅथलिक विधवेशी केलं. १८२८ मध्ये आर्थर पंतप्रधान झाला, कॅथलिकांच्या प्रश्नावर भावाभावांचं जमेना, आणि रिचर्डनं राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी आर्थरनं कॅथलिकांना पार्लमेंट खुलं करणारा कायदा स्वतःच मंजूर करून घेतला. श्रेय कुणाला गेलं ते सांगायला नको.

२६ सप्टेंबर १८४२ ला रिचर्ड वारला आणि बटाटा त्याच्याबरोबर संपला. मार्क्विस वेलस्ली ही पदवी निर्वंश झाली. पाच मुलं होती त्याला, पण ती सगळी पॅरिसच्या इयासांत रोलाँ या बाईपासून, लग्नाआधी झालेली. लग्न १७९४ मध्ये लागलं, त्यानंतर मूल नाही. इंग्रजी कायद्यात आईबापांनी नंतर लग्न केलं तरी आधीच्या मुलांना पदवी मिळत नाही. त्यातली अ‍ॅन नावाची मुलगी पुढं एका लॉर्ड बेंटिंकची बायको झाली. तिच्या नातीची मुलगी एलिझाबेथ बोज-लायन, आणि तिची मुलगी दुसरी एलिझाबेथ राणी. ज्या रक्ताला कायद्यानं आयरिश अर्लकीसुद्धा मिळू शकत नव्हती ते सिंहासनावर जाऊन बसलं.

जुनी मॉर्निंग्टनची अर्लकी मात्र भावाकडे गेली आणि १८४५ मध्ये त्याच्या मुलाकडे. हा विल्यम म्हणजे घराण्याचा कुलदीपक. त्यानं इंग्लंडमधल्या बहुधा सर्वांत श्रीमंत वारसदारणीशी १८१२ मध्ये लग्न केलं आणि दहा वर्षांत तिच्या वॉन्स्टेडच्या प्रासादाचा लिलाव पुकारायची वेळ आणली. आतलं सामान विकायलाच बत्तीस दिवस लागले. मग वाडा पाडून त्याचे दगडसुद्धा विकले. बायको मेल्यावर कोर्टानं त्याच्याकडून मुलांचा ताबा काढून घेतला. अर्ल होऊन लंडनच्या भाड्याच्या खोलीत तो १८५७ मध्ये मेला. त्याचा अविवाहित मुलगा १८६३ मध्ये गेल्यावर पदवी ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या घरात जाऊन पडली. तिथं तिच्याहून मोठ्या पदव्यांची रास असल्यामुळं आज ती ड्यूकच्या थोरल्या नातवाला नुसती शिष्टाचार म्हणून लावतात. कायद्यानं तिची मालकी आजोबांचीच. आणि आयर्लंडमध्ये १९३७ च्या राज्यघटनेच्या ४० व्या कलमात लिहिलंय की राज्य कुणालाही उमरावी देणार नाही.

राहिला डँगनचा वाडा. विकत घेणाऱ्यानं तो रॉजर ओ'कॉनर नावाच्या बंडखोर वृत्तीच्या माणसाला भाड्यानं दिला आणि १८०९ मध्ये तो आगीत जळाला. रॉजरचा मुलगा फर्गस याचं पोरवय त्या वाड्यात गेलं. मोठा झाल्यावर तो चार्टिस्टांचा पुढारी झाला. प्रत्येक पुरुषाला मत, गुप्त मतदान, आणि पार्लमेंटमध्ये बसायला इस्टेटीची अट नको, ही त्यांची मागणी. १० एप्रिल १८४८ ला लंडनच्या केनिंग्टन मैदानावर फर्गसनं प्रचंड सभा भरवली. सरकार इतकं धास्तावलं की सभेविरुद्ध शहराच्या बंदोबस्ताची आखणी करायला सरसेनापतीला बसवलं. सरसेनापती होता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, लहानपणी त्याच डँगनच्या अंगणात खेळलेला. गोळी झाडायची वेळ आली नाही. पाऊस आला, सभा मोडली, आणि लाखो सह्यांचा अर्ज तीन भाड्याच्या घोडागाड्यांत घालून पार्लमेंटकडे रवाना झाला.